पाचवे पंचांग

निजामाच्या अमदानीतील मराठवाड्यात, नांदेडच्या किंवा त्या काळी उस्मानाबाद जिल्ह्यात मोडणाऱ्या लातूरच्या एखाद्या ख्रिस्ती शाळामास्तराच्या घरी, भिंतीवरच्या एकाच खिळ्याभोवती किती निरनिराळी वर्षे नांदत असतील याचा विचार करू लागलो, म्हणजे काळ ही वस्तू आपण समजतो तितकी एकसंध नाही हे ध्यानी येते. कचेरीचा कारभार फसली सनाने चाले. त्या सनाचा आरंभ आजूर महिन्याच्या पहिल्या तारखेस, म्हणजे इंग्रजी ऑक्टोबरच्या सहा तारखेच्या सुमारास होई, आणि सारा, तगाई, पगार या सर्वांच्या कागदांवर तोच सन पडे. शेजारच्या मोहल्ल्यातील मोहरम आणि ईद हिजरी चंद्रावर चालत. गावचा जोशी शालिवाहन शकाचे पंचांग उलगडून मुहूर्त सांगे. मिशनचा पत्रव्यवहार इंग्रजी सनाने होई. या चार वर्षांच्या जोडीला त्या घरात पाचवेही एक वर्ष असे, ज्याची दखल कचेरीने घेतली नाही, जोशाने घेतली नाही, आणि शेजाऱ्यांनी घेतली ती फक्त नाताळापुरती. ते वर्ष म्हणजे चर्चचे उपासनावर्ष. निजामी राजवट १७ सप्टेंबर १९४८ रोजी संपली, फसली सन कालांतराने जुन्या दप्तरांत जाऊन पडला; ते पाचवे पंचांग मात्र नांदेड-लातूरच्या लहान लहान मंडळ्यांत अद्याप चालू आहे, आणि त्याची कुळकथा सांगावी एवढाच या लेखाचा हेतू आहे.

या पंचांगाचा पाडवा फार गाजावाजा करून येत नाही. नोव्हेंबरच्या २७ तारखेपासून डिसेंबरच्या ३ तारखेपर्यंतच्या आठवड्यात जो रविवार पडेल, तो आगमनकाळाचा पहिला रविवार, आणि तोच चर्चच्या वर्षाचा पहिला दिवस. त्या दिवशी गुढी नाही, फटाका नाही, पुरणपोळीही नाही. वेदीवरचे वस्त्र जांभळे होते आणि प्रवचनाचा विषय बदलतो, इतकेच. तरीही चर्चच्या इतिहासातील मोठी कामे या दिवसाला धरून आरंभण्याची एक प्रथा दिसते. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, कॉंग्रिगेशनल, बॅप्टिस्ट इत्यादी निरनिराळ्या परंपरांच्या मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारतीय चर्च स्थापन झाले ते नागपूर मुक्कामी, २९ नोव्हेंबर १९७० रोजी. तो दिवस रविवार होता, आणि साधासुधा रविवार नव्हे, तर आगमनकाळाचा पहिला रविवार होता. त्याच्या बरोबर एक उपासनावर्ष आधी, ३० नोव्हेंबर १९६९ च्या अशाच पहिल्या रविवारी, रोमन कॅथलिक चर्चने आपला नवा तीन वर्षांचा वाचनक्रम अमलात आणला, ज्याचा विचार पुढे येईलच.

उपासनावर्षाची रचना समजण्यास मराठी वाचकाला मुळीच सायास पडू नयेत. कारण सूर्य आणि चंद्र या दोहोंशी एकाच वेळी संसार करण्याची विद्या आपल्या पंचांगाला जशी साधली आहे, तशीच ती याही पंचांगाला साधावी लागली. नाताळ सूर्याचा, म्हणून तो २५ डिसेंबरास खिळलेला. त्याच्या आधी चार रविवारांचा आगमनकाळ, नंतर बारा दिवसांनी, ६ जानेवारीस, प्रकटीकरणाचा सण. ईस्टर मात्र चंद्राचा. वसंतसंपाताची तारीख २१ मार्च धरून त्या दिवशी किंवा त्यानंतर जी पौर्णिमा येईल, तिच्यापुढचा रविवार तो ईस्टर. म्हणून तो २२ मार्च ते २५ एप्रिल या मर्यादेत मागेपुढे हलतो, आणि आपल्यासोबत अर्धे वर्ष हलवतो. त्याच्या पूर्वी साडेसहा आठवडे राखेचा बुधवार आणि उपवासकाळ, ज्याला कॅथलिक मंडळी प्रायश्चित्तकाळ म्हणतात. त्याच्या नंतर चाळिसाव्या दिवशी स्वर्गारोहण आणि पन्नासाव्या दिवशी पवित्र आत्म्याच्या आगमनाचा सण. ही पौर्णिमा बहुधा चैत्रातली असल्यामुळे उत्तम शुक्रवार आणि हनुमान जयंती हे पुष्कळदा एकमेकांच्या शेजारी येऊन बसतात. २०२३ साली हनुमान जयंती ६ एप्रिलला आणि उत्तम शुक्रवार ७ एप्रिलला होता. परंतु अधिकमासाने आपल्या महिन्यांना धक्का दिला, म्हणजे हीच पौर्णिमा कधीकधी फाल्गुनातली ठरते. २०२४ साली २५ मार्चला धुळवड झाली आणि त्याच आठवड्याच्या शेवटी, ३१ मार्चला, ईस्टर आला. रंगाने माखलेल्या गल्लीतून पवित्र आठवड्याच्या उपासनेला जाणाऱ्यांना त्या वर्षी दोन पंचांगांचे हे नाते कोणी समजावून सांगण्याची आवश्यकता पडली नसावी.

हे पंचांग मराठी मुलखात आले ते मात्र एका वाटेने आले नाही, आणि एका मापानेही आले नाही. सर्वांत जुनी वाट गोव्याची. राशोल येथे १६१६ साली इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचे जे ओवीबद्ध महाकाव्य छापले गेले आणि पुढे क्रिस्तपुराण या नावाने विख्यात झाले, त्याच्या मूळ पोर्तुगीज शीर्षकात तारकाच्या जगातील आगमनाविषयीचे विवेचन असा अर्थ आहे. म्हणजे मराठीतील पहिला मोठा ख्रिस्ती ग्रंथ आगमन याच शब्दाभोवती विणलेला आहे. रविवारी आणि सणाच्या दिवशी देवळात त्याचे पठण होत असे. पुराण ऐकण्याची सवय असलेल्या श्रोत्यांना नवे वर्ष, नवे सण आणि नवी कथा ओवीच्या ओळखीच्या चालीवर ऐकवण्याची ही युक्ती स्टीफन्सला सुचली, यातच त्याचे अर्धे मोठेपण आहे.

मराठवाड्यात ही वाट पोचली नाही. इकडे जे आले ते एकोणिसाव्या शतकात, आणि चार दिशांनी चार मापे घेऊन आले. औरंगाबादेस चर्च मिशनरी सोसायटीचे, पारशी कुळात जन्मलेले धर्मगुरू रत्नजी नवरोजी यांनी काम उभे केले. ते अँग्लिकन, म्हणून त्यांच्या हाती प्रार्थनापुस्तक आणि त्यातले आगमनकाळापासून त्रैक्याच्या रविवारापर्यंतचे संपूर्ण वर्ष. जालन्याजवळ सर सालारजंगांच्या दिवाणगिरीत मिळालेल्या जमिनीवर नारायण शेषाद्री यांनी बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवले. ते फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे, आणि स्कॉटिश प्रेस्बिटेरियनांचे तर या पंचांगाशी पिढीजात वैर. १६४५ च्या त्यांच्या उपासना-निर्देशिकेने रविवार वगळता बाकीच्या सर्व सणांना चर्चबाहेर काढले होते, आणि खुद्द स्कॉटलंडात नाताळची सरकारी सुटी सुरू झाली ती १९५८ साली. लातूरच्या अंगाला बिदरचे अमेरिकन मेथॉडिस्ट. त्यांचे मूळपुरुष जॉन वेस्ली यांनी १७८४ मध्ये अमेरिकेसाठी प्रार्थनापुस्तकाची जी आटोपशीर आवृत्ती काढली, तीतून बहुतेक संतदिन निरुपयोगी म्हणून छाटून टाकले. नांदेडच्या पूर्वेला, निजामाबाद आणि मेदकच्या बाजूस, ब्रिटिश वेस्लियन. पुढे कॅथलिकांचा स्वतंत्र औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ मध्ये अमरावतीतून वेगळा होऊन झाला, आणि नांदेड-लातूर त्याच्या कक्षेत आले.

याचा परिणाम असा, की या दोन जिल्ह्यांतील ख्रिस्ती कुटुंबे एकाच गल्लीत राहत असली तरी पंचांगाची मात्रा प्रत्येकाची वेगळी. एकाच्या घरी राखेच्या बुधवारी कपाळावर राखेचा क्रूस, दुसऱ्याच्या घरी त्या बुधवाराचे नावही नाही. पण ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री जुन्या वर्षास निरोप देणारी वॉचनाइटची उपासना, जी मेथॉडिस्टांची देणगी आणि जिचा चर्चच्या प्राचीन वर्षाशी काडीमात्र संबंध नाही, ती मात्र सर्वांना सारखीच प्रिय. प्रांतोप्रांतीच्या पुरोहितांनी जे एकत्र आणले नाही, ते थंडीच्या रात्रीच्या जागरणाने आणि नंतरच्या चहाने आणले, असे म्हणण्याचा मोह होतो.

जुन्या हैदराबाद संस्थानात या पंचांगाने दगडातही आपली सही केली आहे. मेदकचे भव्य चर्च, जे दुष्काळात लोकांच्या हाताला काम आणि पोटाला अन्न मिळावे म्हणून रेव्हरंड चार्ल्स पॉसनेट यांनी बांधावयास घेतले, ते अर्पण झाले २५ डिसेंबर १९२४ रोजी. डोर्नाकलचे कॅथिड्रल, पहिले भारतीय अँग्लिकन बिशप वेदनायकम अझरिया यांचे, अर्पण झाले ६ जानेवारी १९३९ रोजी, आणि त्याला नावच प्रकटीकरणाचे मिळाले. सालांचा विचार बाजूला ठेवला, तर एका वास्तूचा वाढदिवस आणि दुसरीचा वाढदिवस यांमध्ये बरोबर बारा दिवस आहेत, म्हणजे नाताळकाळाची नेमकी लांबी. मेदकला नाताळच्या दिवशी आजही तेलंगणाबरोबरच कर्नाटक आणि महाराष्ट्राच्या सीमाभागातून लोक लोटतात.

वर्षाचे झाले, आता दिवसाचे. नित्य उपासना म्हणजे काय हे नांदेडच्या माणसास ख्रिस्ती ग्रंथांतून शिकवावे लागत नाही. सचखंड हजूर साहिबसाठी गोदावरीचे पाणी रोज पहाटे गागरीतून नेले जाते, ते नेमाने. मशिदीतून पाच वेळा बांग होते, ती नेमाने. विठ्ठलाच्या देवळात काकडआरती होते, तीही नेमाने, आणि या नेमात भक्ताच्या मनःस्थितीची चौकशी कोणी करत नाही. ख्रिस्ती परंपरेत हा नेम यहुद्यांच्या प्रार्थनावेळांपासून आला. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने आपल्या मठवासीयांसाठी दिवसाच्या सात आणि रात्रीची एक अशी प्रहरांची वाटणी करून दिली, आणि स्तोत्रसंहितेतील दीडशे स्तोत्रे आठवड्यात एकवार पुरी व्हावीत असा दंडक घातला. शेतात राबणाऱ्याला आणि कचेरीत खर्डेघाशी करणाऱ्याला हे साधणार कसे? म्हणून १५४९ मध्ये कँटरबरीचे आर्चबिशप थॉमस क्रॅनमर यांनी त्या साऱ्या प्रहरांचा आटा मळून त्याच्या दोनच भाकऱ्या केल्या, एक सकाळची प्रार्थना आणि एक सायंप्रार्थना. आणि दीडशे स्तोत्रांचे साठ वाटे करून तीस दिवसांच्या तीस सकाळी आणि तीस संध्याकाळी वाटून दिले. एकतीस दिवसांचा महिना आला तर तिसाव्या दिवसाचे वाटे पुन्हा म्हणावेत, अशीही तजवीज ठेवली. असला बिनचूक हिशेब पाहून कोणाही जुन्या पटवाऱ्याने मान डोलावली असती.

या हिशेबाचे मर्म मात्र हिशेबात नाही. ज्या दिवशी घरात मुलीचे लग्न ठरले, त्या संध्याकाळच्या वाट्याला एखाद्या परित्यक्ताचा आक्रोश येतो. ज्या दिवशी बैल दगावला, त्या सकाळी स्तुतीचे स्तोत्र समोर उभे राहते. माणसाला वाटते, आज हे आपल्यासाठी नव्हे. परंतु ते आज कोणा तरी दुसऱ्यासाठी आहे, आणि त्या दुसऱ्याच्या वतीने ते म्हणायचे आहे, ही जाणीव ठरीव प्रार्थनेनेच होते. मराठवाड्यातील मेथॉडिस्ट आणि तत्सम घरांत ठरीव प्रार्थनेपेक्षा मनाला येईल तशी, उत्स्फूर्त प्रार्थना अधिक रूढ आहे, आणि तिचे सामर्थ्य मला अमान्य नाही. पण उत्स्फूर्त प्रार्थना करणाऱ्याचे शब्द दहा वर्षांत इतके ठरून जातात, की घरातले लहान मूल पुढचे वाक्य आधीच ओठांत घोळवू लागते, हेही तितकेच खरे. माणूस ठरीव प्रार्थनेतून सुटत नाही. एक तर ती पूर्वजांनी ठरवलेली असते, नाही तर स्वतःच्या सवयीने.

प्रत्यक्षात या घरांची नित्य प्रार्थना म्हणजे कौटुंबिक प्रार्थना. रात्रीची जेवणे आटोपली, की सतरंजी पसरावयाची. शाळेत जाणाऱ्या मुलाने वा मुलीने शास्त्रपाठ वाचावयाचा. उपासना संगीत या गीतसंग्रहातले एखादे गीत म्हणावयाचे. आणि मग घरातल्या वडील माणसाने पुण्याला कामाला गेलेल्या मुलापासून शेजारच्या आजारी म्हातारीपर्यंत एकेकाचे नाव घेत प्रार्थना करावयाची. त्या गीतसंग्रहात रेव्हरंड नारायण वामन टिळकांची पदे आहेत, आणि टिळक (१८६१ ते १९१९) हे कोकणात जन्मून अहमदनगरच्या परिसरात रमलेले कवी असले तरी गोदेकाठच्या घरांत ते परके वाटले नाहीत, याचे कारण त्यांनी परदेशी चालींची भाषांतरे बाजूला सारून अभंग आणि पद हा वारकऱ्यांचा घाट उचलला. कीर्तनाचा पूर्वरंग आणि उत्तररंग ख्रिस्ती व्यासपीठावर आणणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रगण्य आहे. ज्या मुलखाने जनाबाई दिली, त्या मुलखातील बाईने जात्याची घरघर बंद झाल्यावरही ओवीच्या वळणाची प्रार्थना सोडली नाही, तर त्यात नवल ते काय.

आता या पंचांगाची आणि या भूमीची गाठ कशी पडते ते पाहणे मला सर्वांत रसाचे वाटते, कारण तेथे गाठ सरळ पडत नाही. उपासनावर्षाची मांडणी यरुशलेमेत आणि रोमेत झाली. तेथला हिवाळा कोठारे रिकामी करणारा, आणि म्हणून उपवासकाळ हा निसर्गानेच लादलेल्या अर्धपोटी दिवसांना धर्माने दिलेले नाव, असे कोणी म्हटले तरी ते फारसे चूक ठरणार नाही. लातूर-नांदेडच्या काळ्या रानात नेमके उलटे घडते. आगमनकाळ येतो तो मार्गशीर्षात, शाळू पोटरीत असताना. नाताळच्या आसपास कणसांत दाणे भरू लागतात आणि हुरड्याचे वेध लागतात. याच सुमारास, कधी आगमनकाळाच्या अखेरीस तर कधी नाताळकाळात, लातूरकरांची येळवस येते. वेळ अमावस्येच्या त्या दिवशी शहर ओस पडते, आणि सारा जिल्हा शिवारात अंबील, भज्जी आणि उंडे खाण्यासाठी उतरतो. त्या वनभोजनास जाताना शेजारी कोणत्या धर्माचा हे विचारण्याची रीत नाही. पुढे फेब्रुवारी-मार्चात राखेचा बुधवार येतो, आणि नेमक्या त्याच आठवड्यांत शाळूची काढणी, खळे, मळणी आणि कडब्याच्या गंजी. युरोपातील ख्रिस्ती मनुष्य कोठार रिकामे झाले म्हणून उपवास करी. येथला ख्रिस्ती शेतकरी वा शेतमजूर कोठार भरत असताना उपवास करतो. याने उपवासाचे मोल कमी होते की वाढते याचा निर्णय धर्मशास्त्र्यांनी करावा. मला स्वतःला ताटात भाकरी असताना हात आवरणे अधिक कठीण वाटते.

झावळ्यांच्या रविवारी जेथे नारळ-खजूर नाही तेथे ओढ्याकाठच्या शिंदीची पाती चालतात. ईस्टर युरोपात फुलोऱ्याचा सण, येथे उन्हाच्या तलखीचा. फुलोरा म्हणावा तर कडुनिंबाचा, आणि तोही गुढीपाडव्याने आधीच हक्क सांगितलेला. पवित्र आत्म्याचा सण मुळात यहुद्यांचा गव्हाच्या कापणीचा दिवस. येथे तो मे-जूनमध्ये येतो, जेव्हा कापण्यासारखे रानात काहीच नसते आणि सगळ्यांचे डोळे मृगाकडे लागलेले असतात. वारा आणि अग्नी ही त्या सणाची दोन चिन्हे. वळिवाच्या वावटळीत आणि कोरड्या विजेत ती ज्याने पाहिली, त्याला त्यांचा अर्थ पुस्तकातून कळावा लागत नाही. नंतरचा लांबच लांब हिरव्या वस्त्राचा सामान्य काळ, ज्यात सण जवळजवळ नाहीतच, तो आमच्या खरिपाचा; पेरणी, कोळपणी, खुरपणी आणि सोयाबीनची रास, या सर्वांवर चर्चचे पंचांग शहाण्या म्हाताऱ्यासारखे गप्प बसून असते.

आणि गंमत अशी, की खेड्यातील मंडळीला जो सण कदाचित सर्वांत जिव्हाळ्याचा, तो या प्राचीन पंचांगात नाहीच. कापणीचा सण, ज्या दिवशी वेदीपुढे ज्वारीच्या पाट्या, वांगी, भोपळे, अंडी आणि पाय बांधलेली एखादी कोंबडी येऊन पडते, आणि उपासनेनंतर ज्यांचा मोठ्या उत्साहाने लिलाव होतो, तो सण १८४३ साली इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यातील मॉर्वेनस्टो येथील रॉबर्ट हॉकर नावाच्या धर्मगुरूने नव्या स्वरूपात सुरू केला. म्हणजे वयाने तो आपल्या ज्ञानोदय या १८४२ साली निघालेल्या नियतकालिकाहूनही धाकटा. पण पंचांगात नसलेल्या सणाला शेतकऱ्याने पाट दिला, कारण तो त्याच्या रानाला कळत होता.

उपदेशाकडे वळू. पूर्वीचा प्रघात असा, की उपदेशकाने आपल्या मनास येईल तो शास्त्रभाग घ्यावा. आणि अनुभव असा, की मनास येणारे भाग पाच-पंचवीसच असतात. नियत वाचनक्रम या स्वातंत्र्यावर जप्ती आणतो. १९६९ च्या रोमन वाचनक्रमात पहिल्या वर्षी मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क, तिसऱ्या वर्षी लूक, आणि योहान मुख्यतः ईस्टरच्या काळात अशी योजना आहे. बहुतेक रविवारी जुन्या करारातील एक पाठ, एक स्तोत्र, पत्रांतील एक पाठ आणि शुभवर्तमान. त्याच धर्तीवर प्रोटेस्टंट मंडळ्यांसाठी १९९२ साली एक समाईक वाचनक्रम निघाला. नांदेड-लातूरसारख्या जिल्ह्यांत याचे महत्त्व शहरांहून अधिक. महाराष्ट्रात २०११ च्या शिरगणतीनुसार ख्रिस्ती लोक सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे शंभरांत एकही पुरता नाही, आणि त्यांतले बहुतेक मुंबई-वसई-पुण्याकडचे. इकडे मंडळ्या विरळ, पाळक थोडे, आणि एका पाळकाच्या वाट्याला अनेक गावे. ज्या रविवारी पाळक येऊ शकत नाही, त्या रविवारी मंडळीतला एखादा वडील उभा राहतो, आणि त्याच्या हाती हे पाठ असतात. पंचांग त्याला सांगते, आज हे वाच. मोठ्या कॅथिड्रलमध्येही त्या दिवशी तेच पान उघडलेले असते, आणि या पत्र्याच्या छपराखालीही तेच.

परंतु ही जप्ती कधीकधी निष्ठुर होते. ३० सप्टेंबर १९९३, गुरुवार. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होऊन विसर्जनाहून परतलेली माणसे झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीला भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवर मातीचे जड माळवद अशी ती घरे. उन्हाळ्यात गार राहावीत म्हणून पिढ्यांच्या शहाणपणाने बांधलेली, आणि त्याच शहाणपणाच्या ओझ्याखाली लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील बावन्न गावे गाडली गेली. सुमारे दहा हजार माणसे मेली. तीन दिवसांनी रविवार आला, ३ ऑक्टोबर. हिरव्या वस्त्राचा, कोणत्याही सणाचा नसलेला, सामान्य काळातील सत्ताविसावा रविवार. मत्तयाचे वर्ष चालू होते. त्या रविवारास नेमलेला पहिला पाठ यशयाच्या पाचव्या अध्यायातला: धन्याने लावलेला द्राक्षमळा, त्याला कडू फळे येतात, आणि धनी त्याचे कुंपण काढून टाकतो, त्याची भिंत पाडून टाकतो. त्यापुढचे स्तोत्र ऐंशीवे, ज्यात कवी देवालाच विचारतो, की या मळ्याच्या भिंती तू का पाडल्यास.

हे पान भूकंपासाठी कोणी निवडले नव्हते. रोमेतील एका समितीने ते चोवीस वर्षांपूर्वी ठरवून ठेवले होते, आणि त्या दिवशी ते मनिलात वाचले गेले, लिस्बनमध्ये वाचले गेले, आणि औरंगाबाद धर्मप्रांतातही वाचावयाचे होते. ज्याच्यापुढे ते पान त्या रविवारी उघडले असेल, त्या उपदेशकाची अवस्था कल्पनेत आणून पाहावी. यशयाच्या पाठाचा सरळ वाच्यार्थ घेतला तर भिंत पडणे हा न्याय ठरतो, आणि ज्यांची लेकरे अजून ढिगाऱ्याखाली आहेत त्यांच्या कानांवर न्याय हा शब्द घालणाऱ्याने पुस्तक मिटून खाली बसलेले बरे. परंतु पाठ एकच नव्हता. स्तोत्राने यशयाच्या विधानाचा प्रश्न केला होता. आरोपीच्या पिंजऱ्यातून कोणी उलट न्यायाधीशालाच जबानी मागावी, तसा. आणि तिसरा पाठ, फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रातला, चिंतेचा भार देवापुढे ठेवावयास सांगणारा, तो कारण सांगण्याच्या भानगडीत पडतच नव्हता. तीन आवाज, आणि तिन्ही एका तासात. उपदेशकाने कोणता उचलावा हे पंचांगाने ठरवलेले नव्हते. ते ठरवणे त्याच्यावर सोपवले होते, आणि उपदेश ही कला असेल तर ती येथे आहे.

यशयाला प्रत्यक्ष उत्तर त्याच वाचनक्रमात होते, पण ते यावयाचे होते त्याच्या वेळेला. लूकच्या तेराव्या अध्यायात एक प्रसंग आहे. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली होती; ती इतरांपेक्षा अधिक पापी होती म्हणून मेली काय, असा प्रश्न येशू स्वतःच उपस्थित करतो आणि स्वतःच नाकारतो. त्याला लागून एक दृष्टांत: बागेत एक अंजिराचे झाड, तीन वर्षे फळ नाही, धनी म्हणतो तोडून टाक, माळी म्हणतो, आणखी एक वर्ष राहू द्या, मी त्याच्या बुडाशी खणून खत घालतो. हा पाठ उपवासकाळाच्या तिसऱ्या रविवारचा, आणि तोही लूकच्या वर्षातच. किल्लारीनंतर तो प्रथम आला १९ मार्च १९९५ रोजी, दीड वर्षाने, जेव्हा ढिगारे उपसून झाले होते, पत्र्याच्या शेडमध्ये दुसरा उन्हाळा लागत होता, आणि नव्या जागी नव्या गावांची आखणी होऊन घरे उभी राहत होती. बुरूज पडून मेलेले इतरांहून अधिक पापी नव्हते, हे वाक्य तीन दिवसांनी ऐकण्यात जेवढा अर्थ होता, तेवढाच दीड वर्षाने ऐकण्यात होता की नाही, हे ज्याचे त्याने सांगावे. पण पंचांग घाई करत नाही. रडणारा थकून गप्प झाल्यावरही ते आपल्या ठरल्या रविवारी येते, आणि तोपर्यंत समाचाराला आलेले इतर लोक परत गेलेले असतात.

दर तीन वर्षांनी ते पान पुन्हा उघडते. २०१६ साली ते २८ फेब्रुवारीस उघडले, तेव्हा मांजरा धरण आटले होते. पुढल्या महिन्यात लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागू झाली, आणि २६ मार्चच्या रात्री, ईस्टरच्या पूर्वजागरणात, चर्चमध्ये पाणी पवित्र करण्याचा जो प्राचीन विधी आहे तो ज्या शहरात करावयाचा होता तेथे पाणी मोजून घ्यावे लागत होते. मिरजेहून निघालेली जलदूत गाडी पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूरला पोचली १२ एप्रिलला. चर्चमध्ये तेव्हा ईस्टरकाळाचे पांढरे वस्त्र होते. गावोगावी पोरांनी अंगाला कडुनिंबाचा पाला बांधून धोंडी काढली, आणि जुन्या अँग्लिकन प्रार्थनापुस्तकात पावसासाठी म्हणून एक स्वतंत्र प्रार्थना आहे, ती ज्यांच्या घरी ते पुस्तक उरले होते त्यांनी शोधून काढली असल्यास नवल नाही. अंजिराच्या झाडाला एक वर्ष मागून घेणारा माळी त्या फेब्रुवारीत, गाडीच्या सहा आठवडे आधीच येऊन गेला होता. १९ मार्च २०२८ रोजी, किल्लारीनंतरच्या त्या पहिल्या तारखेलाच, तो पुन्हा यावयाचा आहे. तेव्हा शाळूची काढणी होऊन कडब्याच्या गंजी लागलेल्या असतील.